दाढेतली बारावी अळी

वाडग्यातल्या पाण्यावर बारीक पांढऱ्या अळ्या तरंगू लागल्या, तसे तापल्या दगडांच्या वाफेने अंघोळ करायच्या सौनाघरात जमलेले गाव मागे सरले. लेइदाने दगडांवर जळणाऱ्या बियांच्या धुरावरून उघडे तोंड बाजूला घेतले. सुजलेला गाल अजून ठणकतच होता.

"दाढेतल्या बारापैकी अकरा निघाल्या," गावचा म्हातारा वैदू मिहकेल म्हणाला. "बारावी आर्वोनं धरून ठेवलीय. नवरा तो, सहजी सोडेल होय?"

आर्वो गेल्या हिवाळ्यात बर्फाखाली बुडाला होता. नोव्हेंबर म्हणजे बेटावर पितरांचा महिना. खिडकीत मेणबत्ती, ताटलीत त्यांच्यासाठी घास, आणि घरात आवाज नाही. दाढेतला ठणका ही आर्वोचीच हाक, असे लेइदा धरून बसली होती. तीन दिवस ताप होता. तरी दात कोरायच्या यंत्राच्या घरघरीने आर्वो दुखावेल, म्हणून दातांच्या डॉक्टर मारिकाला तिने दोनदा दारातून परत पाठवले होते.

आज मारिका न बोलावता आली. मिहकेलकडून तिने मूठभर बिया मागून घेतल्या, दुसऱ्या वाडग्यात पाणी भरून तो तापल्या दगडांशी ठेवला आणि बिया दगडांवर टाकल्या. धुरावर या वेळी कुणाचेच तोंड नव्हते. धूर झाला, तडतड झाली, आणि पाण्यावर अळ्या आल्या.

"मिहकेलकाका, दगडाला दाढ असते का हो?"

कुणीतरी हसू दाबले. खुरासानी ओव्याचे बी तापले की फुटते आणि आतला पांढरा कोंब उडतो, एवढेच ते.

"पण हिचं दुखणं खोटं आहे का?" मिहकेल पुटपुटला.

"नाही. बारावी अळी मीच ठेवलीय."

मारिकाने खिशातून दोन उपटलेल्या दाढा काढल्या. एकीच्या मुळाचे टोक फिरत्या पात्याने तिरके कापलेले, दुसरीचे यंत्राच्या थरथरत्या बारीक सुईने सरळ. दोन्हींवर तिने निळा रंग टाकून पुसला. सरळ कापात दोन निळे ठिपके दिसले, तिरक्यात एकच.

"दाढेच्या या मुळाच्या आत बहुधा दोन बारीक वाटा असतात. तिरक्या कापाआड दुसरी लपते आणि तिथं पू साठतो. लेइदाकाकू, दोन वर्षांपूर्वी हिरडी उघडून तुमच्या याच दाढेचं मूळ मी असंच तिरकं कापलं. चूक माझी. आर्वोकाकांची नाही."

लेइदाने त्या एकाच ठिपक्यावर बोट ठेवले. "सुईचा आवाज किती?"

"माशी गुणगुणते तेवढा."

"तेवढा त्याला चालेल."

मारिकाने सुईने मूळ पुन्हा सरळ कापून पू काढला, आणि आठवड्याने सूज उतरली. लेइदाने मेणबत्ती लावली आणि कान दिला. हाक आली नाही. ती थोडी रडली, मग आर्वोच्या ताटलीत घास ठेवला. पितरांना घास जरूर द्यावा. सुजलेला गाल मात्र डॉक्टरलाच दाखवावा.