हवेत आवळलेले नट

"वाहन सर्वस्वी सुस्थितीत होते. अपघात चालक कानिफनाथ याच्या अतिवेगामुळे घडला. वाहनातील कोणत्याही दोषाची सूचना चालकाने कधीही दिली नव्हती."

संस्थेच्या चौकशी समितीच्या अहवालातली ही तीन वाक्ये. समितीत तिघे होतो. अध्यक्ष शामकांत हे निवृत्त मुख्याध्यापक, दुसरे संस्थेचे चिटणीस, आणि तिसरा मी, संस्थेच्याच महाविद्यालयात संस्कृत शिकवणारा. मला घेतले ते मोटारीतले मला काही कळत नाही म्हणून. त्यांचा समज बरोबर होता. पहिल्या बैठकीला गेलो तेव्हा हा मसुदा टंकलिखित होऊन टेबलावर पडलेला होता. न्यायशास्त्रातही प्रतिज्ञा आधी मांडतात आणि हेतू, म्हणजे तिचे कारण, मागाहून देतात; पण तिथे हेतू देतात तरी.

घडले होते ते एवढेच. बहात्तर सालच्या डिसेंबरात, पारनेरच्या रस्त्यावर, संस्थेची फियाट दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या बायकांत घुसली. लंकाबाई नावाच्या बाईचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. मागच्या आसनावर संस्थेचे अध्यक्ष काकासाहेब होते. त्यांची टोपी पडली. कानिफनाथ जामिनावर सुटला होता. आमचा अहवाल फौजदारांकडे जायचा होता, आणि तो असाच गेला तर कानिफनाथला तुरुंग चुकणार नव्हता. त्याचा परवाना तर त्याआधीच जाणार होता.

मी अतिवेगापासून सुरुवात केली. पुरावा विचारला. चिटणीस म्हणाले, "वेगाचा काटा चाळीस मैलांवर अडकलेला सापडला. आता आणखी काय पाहिजे, सर?"

मी संस्थेच्या शेडमध्ये जाऊन पाहिले. गाडीला पुढचे डावे चाक नव्हते, ती विटांच्या थप्पीवर टेकवलेली होती, आणि काट्याच्या म्हणण्याप्रमाणे अजूनही ताशी चाळीस मैल धावत होती.

"दिवाळीपास्नं तितंच हाय तो," कानिफनाथ म्हणाला. "गाडी धुतानासुदिक चाळीस."

सूचना दिली नव्हती, हे वाक्य गाडीच्या नोंदवहीपुढे टिकेना. कानिफनाथ चौथी शिकलेला. त्याच्या अक्षरात, तीन वेगवेगळ्या तारखांना, असे होते: "फुडून डाव्या अंगाला करकर." "खडखड वाढली. मिस्त्रीला दाखवाया पायजे." "गाडी डावीकडं वढती." प्रत्येक नोंदीसमोर एकच शेरा, "पाहिले", आणि खाली काकासाहेबांची ऐसपैस सही. वही चौकशीच्या कक्षेत येत नाही, असे शामकांतांनी मला समजावले. कक्षा कोणी आखली, हे मी विचारले नाही. उत्तर त्यांनाही ठाऊक होते, म्हणून ते खिडकीबाहेर पाहू लागले.

राहिले 'सर्वस्वी सुस्थितीत'. आधार काय, तर अपघातापूर्वी सतरा दिवस पुढच्या दोन्ही चाकांना नव्या, उंच, जाड तारेच्या स्प्रिंगा बसवलेल्या होत्या. नवे म्हणजे निर्दोष, हा सिद्धान्त मी आजवर फक्त नव्या अभ्यासक्रमांच्या बाबतीत ऐकला होता.

ज्याने त्या बसवल्या त्या श्रीमंत मिस्त्रीला मी शेडमध्ये बोलावले. वीस वर्षे स्टेशन रस्त्यावर गॅरेज चालवणारा, कमी बोलणारा माणूस. तो गाडीखाली गेला, बॅटरी मारली आणि बराच वेळ बाहेर आला नाही. आला तेव्हा त्याच्या तळहातावर रबराची एक नळी होती, सुपारीएवढी जाड, आणि तिच्या अंगावर जिन्यासारखी वळत गेलेली चीर.

"ही बुश," तो म्हणाला. "चाक ज्या आडव्या दांडीवर वर-खाली हुतं, तिच्या मुळाशी बसती. दांडी हलती तेवढं रबर पिळतं आन् परत सुटतं. तिच्यातनं बोल्ट जातो, वर नट."

"मग ही फाटली कशी?"

"नट हवेत आवळला की फाटती."

मला कळले नाही, हे त्याने ओळखले. "सर, स्प्रिंग बदलताना गाडी जॅकवर असती. चाक खाली लोंबत असतं. तवा नट नुसते अंगाबरोबर लावायचे. मग गाडी खाली घ्यायची, नाकाडावर चार दणके द्यायचे, ती आपल्या वजनावर बसली की मंग शेवटचं आवळायचं. चाक लोंबतंय तवाच आवळलं, तर रबर त्याच जागी धरून बसतं. गाडी खाली आली की कायमचा पीळ. ओलं धोतर पिळून तसंच दोन खुंट्यांना बांधा, आन् वरनं रोज हिसकं द्या. किती दिस टिकंल?"

"सतरा."

तो हसला नाही. "आन् ह्या स्प्रिंगा उंच आन् कडक. दणका सगळा बुशवर. रबर फाटलं, बोल्ट भोकात खेळाया लागला, नट सुटत गेला. मंग दांडी निसटली न् चाक आत दुमडलं. कानिफ्या काय, देव बसला असता ष्टेरिंगवर तरी गाडी डावीकडंच गेली असती."

"हे सगळे तुम्हाला ठाऊक होते."

"पोटासाटी हेच करतो."

"मग हवेत का आवळलेत?"

त्याने रबर पुसून माझ्या हातात ठेवले. "ते मला इचारू नका. संस्थेच्या चार बसगाड्या माझ्याकडं येत्यात, सर. माझ्या भावाची नोकरी तुमच्याच शाळेत हाय."

मी हे सगळे समितीपुढे ठेवले. शामकांतांनी चष्मा काढून पुसला आणि फार समजूतदारपणे म्हणाले, "मग मिस्त्रीचंही नाव घालू. चालक आणि मिस्त्री. झालं तुमचं समाधान?" एका निरपराध माणसाच्या जोडीला दुसरा देऊन मला संतुष्ट करता येईल, असे त्यांना मनापासून वाटत होते. मी फक्त एवढेच मागितले की काकासाहेबांची साक्ष व्हावी, आणि ती मी लिहून घ्यावी. हस्ताक्षर चांगले आहे म्हणून मला परवानगी मिळाली.

काकासाहेब आले ते फुललेले. कानिफनाथ भिंतीशी उभा होता, श्रीमंत दारात.

"बस की रे कानिफ्या. उभा कशाला? फुडं बसायचंच हाय की तुला, सरकारी खर्चानं."

चिटणीस हसले. कानिफनाथ म्हणाला, "साहेब, म्या तीनदा सांगितलं हुतं तुमाला."

"तू रोजच काय तरी सांगतो. आज बिरेक, उद्या बायको."

पुन्हा हसणे झाले. ते संपेपर्यंत मी दौतीत टाक बुडवून थांबलो. मग अदबीने विचारले, "काकासाहेब, स्प्रिंगा बसवल्या तेव्हा आपण स्वतः हजर होता, असे ऐकतो."

"व्हय तर! गाडी फुडून लई वाकायची. दौऱ्यात दगडं घासायची खाली. पुण्यास्नं खास उंच स्प्रिंगा करवून आणल्या. पूजा मीच केली."

"गाडी खाली घेतल्यावर केलीत?"

काकासाहेबांनी माझ्याकडे कीव आल्यासारखे पाहिले. "सर, तुमी संस्कृतचे ना? नव्या वस्तूनं पूजेआदी भार घ्यायचा नसतो. गाडी जॅकवरच ठेवायची. हळदकुंकू, नारळ, आन् मंग चाकं भुईला."

असा नियम कोणत्याही शास्त्रात नाही. मी तसे म्हणालो नाही. मी म्हणालो, "हे आम्हाला शिकवलेच नव्हते कोणी."

ते प्रसन्न झाले. दारात श्रीमंतने मान खाली घातली.

"पूजेनंतर मिस्त्रीला थोडा वेळ लागला असेल?"

"कसला वेळ! अकरा चाळीसला मुहूर्त संपत हुता. ह्यो म्हनतोय, खाली घ्या, अर्धा तास द्या—"

"काकासाहेब," चिटणीस एकदम म्हणाले. लेखणी त्यांनी खाली ठेवली होती. "चहा सांगू का? आपण बाहेर जरा—"

"थांबा हो! एक मानूस सरळ इचारतोय, त्याला सांगू द्या की." ते माझ्याकडे वळले. "तुमाला सांगतो, सर, ह्या संस्थेत शिस्त हाय ती कशामुळं."

त्यांनी सांगितले. मी लिहिले. एकही शब्द सुधारला नाही. जुन्या पोथ्यांतल्या पाठभेदांना मी जेवढा मान देतो तेवढा दिला. मग मजकूर त्यांना मोठ्याने वाचून दाखवला. शामकांत टेबलाची कड घट्ट धरून बसले होते. काकासाहेबांनी एकच दुरुस्ती सुचवली: एके ठिकाणी मी 'मी' लिहिले होते, तिथे 'मीच' करा म्हणाले. मी केले. त्यांनी सही केली, नोंदवहीतल्याइतकीच ऐसपैस, आणि दोन साक्षीदारांच्या जागी त्यांच्याच आज्ञेवरून शामकांत व चिटणीस यांना सह्या कराव्या लागल्या.

माझे भिन्नमत मी वेगळे लिहिलेले नाही. फौजदारांकडे नोंदवहीची प्रत, फाटलेले रबर आणि खालील जबानी पाठवत आहे:

"मिस्त्री म्हनत हुता गाडी खाली घेऊन मंग आवळतो. मीच सांगितलं, चाकं वर हायेत तवाच सगळं आवळून टाक, मंग हात लावायचा न्हाई. त्यो म्हनला बुश जाईल. मी म्हनलो जाऊ दे, मुहूर्त जायला नको. कानिफ्या वाजतंय म्हनून तीनदा आला. त्यालाबी मीच सांगितलं, पूजा झालेली गाडी उघडायची न्हाई, गप चालव न्हाई तर घरी बस. त्या दोघांनी सोताच्या मनानं काय बी केलेलं न्हाई. माझ्या हुकमाबाहेर जायची त्यांची छाती न्हाई."