माहेरी जायचा कागद

शौकतला आपल्या अकलेचा भारी अभिमान. जेद्दातल्या एका इस्पितळात तो वायरमन, आणि त्याची बायको आबिदा तिथलीच नर्स, फिलिपाइन्समधल्या झांबोआंगाची. निकाह झाला तसा त्याने घोषा लावला की तिने भारताची नागरिक व्हायचं. दाभोळला घर बांधतोय, तिथे काय जन्मभर व्हिसा काढून नांदणार? लग्नानंतर बाईचं घर बदलतं, गाव बदलतं, मग देशाचं एवढं काय!

आबिदाने समजावून पाहिलं. परक्याशी लग्न केलं म्हणून आमचा कायदा बाईचं नागरिकत्व काढून घेत नाही, तिने आपण होऊन सोडलं तरच ते जातं, असं ती म्हणे. शौकतने ते हसण्यावारी नेलं. माहेर का कागदाने तुटतं? शेवटी, भारतात दोन देशांचं नागरिकत्व चालत नाही म्हणून, एक्क्याऐंशीच्या मार्चमध्ये तिने शपथेवर नागरिकत्व सोडलं आणि पासपोर्ट जमा केला. भारताचा अर्ज दिल्लीला गेला, तो गेलाच. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तसली गत.

ऑक्टोबरात झांबोआंगाहून निरोप आला. आईच्या पोटात गाठ होती, डॉक्टर ताबडतोब कापायचं म्हणत होते. म्हातारी मात्र हटून बसली होती. माझी लेक नर्स आहे, ती उशाशी आल्याशिवाय अंगाला सुरी लावू देणार नाही.

शौकतने आठवडाभर उंबरे झिजवले. फिलिपिनो वकिलातीत सांगितलं, बाई आता परदेशी, पासपोर्ट आणा म्हणजे व्हिसा देऊ. भारतीय वकिलातीत सांगितलं, दिल्लीचं उत्तर आलेलं नाही, पासपोर्ट कसा देणार? कफील, म्हणजे तिला नोकरीवर आणणारा जामीनदार, म्हणाला, मी बाहेर जायचा शिक्का मारून घेतो, पण मारायचा कशावर? आबिदाजवळ इकाम्याखेरीज, म्हणजे तिथे राहायच्या परवान्याखेरीज, काही नव्हतं. कुणाशी भांडावं तर कुणाचंच चुकत नव्हतं, आणि शौकतला आपल्या तोंडात मारून घ्यावंसं वाटत होतं.

शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर दोघं टेलिफोन ऑफिसात गेली. आई शेजारच्या दुकानातल्या फोनवर येणार होती.

"मी येतेय म्हटलं तर ती वाट बघत बसेल," आबिदा म्हणाली. "काय सांगू?"

"नवरा पाठवत नाही म्हणून सांग. कधीच पाठवणार नाही म्हण. मला शिव्या देईल आणि इस्पितळात जाईल."

आबिदाने फोनच्या काचेच्या खोलीचं दार उघडलं. मग ती आत शिरली आणि तिच्या भाषेत बोलत राहिली. शौकतला त्यातलं आपलं नाव तेवढं कळत होतं. बोलता बोलता तिला रडू कोसळलं, पुढे बोलता येईना. तिला सावरायला शौकत आत शिरला आणि त्याने रिसीव्हर हातात घेतला. पलीकडून म्हातारी आर्जवाने काहीतरी विचारत होती. त्याला एक अक्षर कळलं नाही. पण मरायला टेकलेल्या सासूला काय सांगणार, म्हणून तो इंग्रजीत दोनदा म्हणाला, "येस, मदर. येस."

पलीकडे म्हातारी रडत रडत हसली आणि लाइन कटली.

आबिदा त्या अरुंद खोलीत त्याच्या खांद्याला लागून उभी होती. रिसीव्हरमधलं तिने सगळं ऐकलं होतं.

"काय म्हणाली ती?" शौकतने विचारलं.

"म्हणाली, मी तिच्या भावाला न्यायला धाडते, लेकीला पाठवाल ना?" आबिदा म्हणाली. "आता ती वाट बघेल."