बाजरीतल्या चकत्या

मी रागीट आहे, हे आमच्या अंथुर्ण्यातलं शेंबडं पोरही सांगेल. पण नव्व्याण्णव सालच्या सप्टेंबरात मला आलेला राग रास्त होता, असं माझं आजही म्हणणं आहे.

इंदापूरच्या एका दूध संस्थेला कॉम्प्युटर ऑपरेटर हवा होता. जागा एकच. मी बी.कॉम. झालेली, इंग्रजी टायपिंगची परीक्षा पास झालेली आणि दीड वर्ष घरी बसलेली. तोवर आठ ठिकाणी अर्ज केले होते आणि आठही ठिकाणी एकच प्रश्न, अनुभव किती? कुणी कामच दिलं नाही तर अनुभव काय बाजारातून आणायचा? या जाहिरातीत मात्र अनुभवाची अट नव्हती. फक्त परीक्षा होती, सत्तावीस तारखेला. मी वर्तमानपत्र घेऊन आईकडं धावले आणि धावता धावता शेवटची ओळ वाचली. ‘लिनक्स व स्टारऑफिस येणे आवश्यक.’

ही दोन नावं मी आयुष्यात ऐकली नव्हती. दुसऱ्या दिवशी एस.टी.नं बारामती गाठली. तिथं संभाजी सरांचा कॉम्प्युटर क्लास होता. मी तिथंच विंडोज शिकले होते.

“लिनक्स विंडोजच्या जागी चालतं आणि फुकट असतं, म्हणून संस्थेनं बसवून घेतलं असणार,” सर म्हणाले. “पण ते शिकवणारं बारामतीत कुणी नाही. मलाही येत नाही.”

“मग मी शिकायचं कुणाकडून?”

“माझ्यावर काय चिडतेस? दुपारी बारा ते तीन क्लास रिकामा असतो. कोपऱ्यातलं जुनं मशीन वापर, मला काही नको. पण सीडी तुझी तू शोध. एका इंग्रजी मासिकाबरोबर फुकट यायची. मार्चच्या अंकात लिनक्स होतं, मेच्या अंकात पत्रं-तक्ते करायचं स्टारऑफिस. माझे अंक कुणीतरी नेले ते आलेच नाहीत.”

घरी येऊन मी पिशवी आपटली. माझे वडील, धोंडीबा, कारखान्यात वॉचमन. त्यांनी मासिकाचं नाव विचारलं आणि शांतपणे म्हणाले, “ते सणसरच्या वाचनालयात येतंय की.”

“आबा, तुमाला कसं म्हाइत?”

“मी मेंबर हाय तितला. पुण्याला त्यांच्या गावचा एक इंजिनिअर हाय, त्यानं गावासाठी वर्गणी भरलीया. रंगीत मासिक. कुणी उघडत न्हाय. दत्तोबाकडं जा. पुस्तक मागायला आपण लाजायचं न्हाय.”

सणसरचं वाचनालय म्हणजे चावडीशेजारची एक खोली. दत्तोबा तात्या सकाळी शेतात आणि दुपारी वाचनालयात असत. त्यांनी कपाट उघडलं. मासिकाचे सगळे अंक तारखेप्रमाणे लावलेले होते, एका पानालाही दुमड नव्हती. मी मार्चचा अंक काढला. मुखपृष्ठाच्या आत प्लास्टिकचं पाकीट होतं आणि ते रिकामं होतं. मेचंही रिकामं. जानेवारीपासूनची सगळी रिकामी.

“तात्या, ह्यातल्या सीड्या कुठं हायेत?”

“त्या चकत्या व्हय? बाजरीत हायेत.”

मला वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय. पण तात्या गंभीर होते. “पुतण्याच्या टेपात घालून बघितल्या. एकीतबी गाणं न्हाय. म्हटलं कागद वाचायला ठिवावा, चकत्या पाखरांना दाखवाव्या.”

जे शिकायला मी बारामती पालथी घातली, ते यांनी चिमण्यांना दाखवायला टांगलं होतं! मी तोंडाला येईल ते बोलले. वाचनालयाच्या वस्तू अशा वापरतात का, म्हणून विचारलं. तात्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि कुलूप लावलं. “चल. अजून आठ हायेत बघ.”

रान ओढ्याच्या काठाला होतं, रस्त्यापासून बरंच आत. बाजरीची कणसं दुधात आली होती आणि त्यांच्यावर, काठीला बांधलेल्या सुतळीवर, चकत्या फिरत होत्या. उन्हात एकेक चकती अशी चमकायची, की डोळे मिटावे लागत. चिमण्यांचा थवा यायचा, बिचकायचा आणि परत जायचा. मचाणाखाली द्वारकाकाकू, तात्यांच्या पत्नी, पाय पसरून बसल्या होत्या. गोफण बाजूला पडली होती.

तात्यांनी माझं काम सांगितलं. काकूंनी आधी कणसांकडं पाहिलं, मग स्वतःच्या गुडघ्यांकडं.

“ह्या वर्सी पयल्यांदा मला बसाय मिळालं बघ,” त्या म्हणाल्या. “न्हायतर सकाळधरनं हाळ्या मारून जीव जातो. ह्यात तुझी नोकरी हाय म्हणतीस?”

“ह्यात शिकायचं हाय, काकू. नोकरी मिळंल का न्हाय, माहीत न्हाय.”

“मग ने की. मी हाय पाखरं हाकायला.”

तात्यांनी विळ्यानं सुतळ्या कापल्या. मी आठही चकत्या ओढणीत बांधून घेतल्या. आभार मानल्याचं मला आठवत नाही. एस.टी. चुकेल याची घाई होती, एवढं आठवतं.

घरी गेल्यावर मी हातपाय धुवायला गेले, तेवढ्यात आईनं ओढणी सोडली. आईला, केसरबाईंना, घाण खपत नाही. चकत्यांवर धूळ आणि पाखरांची शीट होती. मी येऊन बघते तर तिनं काथ्या आणि राख घेऊन दोन चकत्या तांब्यासारख्या घासल्या होत्या. “बघ कशी लख्ख झाली,” ती कौतुकानं म्हणाली. मी किंचाळले. ती बिचारी राखेचा हात तसाच धरून उभी राहिली. नंतर मला वाईट वाटलं, पण त्या दोन चकत्या गेल्या त्या गेल्याच.

उरलेल्या सहा घेऊन बारामतीला गेले. उन्हानं वरची छपाई उडाली होती, त्यामुळं कुठली कशाची हे कळत नव्हतं. पहिली चकती मशीननं वाचलीच नाही. दुसरीत खेळ होते. तिसरीत कसलेसे फॉन्ट. चौथी घातली आणि पडद्यावर लिनक्सचं नाव आलं. मी इतक्या जोरात ओरडले की संभाजी सर चहा सांडत धावत आले. पाचवीत कामाचं काही नव्हतं, सहाव्या चकतीत स्टारऑफिस निघालं.

पण ते मशीनवर चढवायचं कसं? दोन दिवस मी नुसती चुका करत होते. मशीन इंग्रजीत काहीतरी सांगायचं आणि थांबायचं. लिनक्सच्या पुस्तकाची किंमत सरांनी पुण्याला फोन करून विचारून सांगितली, तेव्हा मी तो विषयच बंद केला. तिसऱ्या दिवशी चौथ्या चकतीतले कप्पे एकामागून एक उघडत असताना मला एका कप्प्यात शेकडो लेख सापडले. लिनक्स कसं बसवायचं, त्यासाठी एक लेख. छपाईयंत्र, म्हणजे प्रिंटर, कसं जोडायचं, त्यासाठी एक. नवख्यानं कुठं चुकतं, तेही लिहिलेलं. शिकवणी चकतीतच होती, आणि मी ती बारामतीभर शोधत होते.

क्लासचं छपाईयंत्र बंद होतं, म्हणून मी वहीत उतरवून घेऊ लागले. रोज बारा ते तीन. दोनशे पानी वही भरली आणि तिच्यावरून दोन्ही मशीनवर चढवलं. स्टारऑफिस त्या जुन्या मशीनवर उघडायला चहा होऊन थंड होईल इतका वेळ घ्यायचं, तेवढ्यात माझी दोन पानं लिहून व्हायची. प्रत्येक लेखाच्या शेवटी लिहिणाऱ्याचं नाव होतं आणि असं काहीतरी लिहिलेलं होतं, की हे कुणालाही द्या, पैसे नकोत, चूक सापडली तर कळवा. कोण कुठली ही माणसं! माझं गाव त्यांनी कधी ऐकलंही नसणार. आणि माझी अडचण मला समजायच्या आधी त्यांनी ती लिहून ठेवली होती. मला आजवर ज्यांनी शिकवलं त्यांनी आधी फी घेतली होती. त्या रिकाम्या क्लासात मला एकदम भरून आलं आणि मी तिथंच रडून घेतलं. सर बाहेर होते ते बरं.

सत्तावीस तारखेला आम्ही पाच जण होतो. पत्र टाइप करणं आणि दुधाचा तक्ता करून बेरीज काढणं दोघांना जमलं, मला आणि अकलूजच्या एका मुलाला. मग संस्थेचे सचिव आबासाहेब यांनी सभासदांची साधी यादी छापायला सांगितली. त्या मुलाची यादी पायऱ्यापायऱ्यांनी उतरू लागली. प्रत्येक ओळ आधीची जिथं संपली तिथून सुरू व्हायची, आणि चौथ्या ओळीला कागदच संपला. तो घाबरून उठला. माझीही तशीच आली. पण हे मी वाचलं होतं. वहीत ‘पायऱ्या’ असं लिहून दोनदा अधोरेखित केलं होतं. लेखात सांगितलेली एक ओळ मी मशीनला टाइप करून दिली. यादी सरळ आली.

“कुठं शिकलात?” आबासाहेबांनी विचारलं.

“चकत्यांवरून,” मी म्हणाले. त्यांना ते कळलं नाही, पण त्यांनी यादी वरपासून खालपर्यंत वाचून काढली.

नेमणुकीचं पत्र शनिवारी आलं. सोमवारी हजर व्हायचं होतं. रविवारी सकाळी पेढे आणि ते पत्र घेऊन मी सणसरला उतरले.

तात्या रानातच होते. मी त्यांच्या हातात पेढा ठेवला आणि काकूंना हाक मारली. त्या मचाणावर उभ्या होत्या, हातात गोफण. मला पाहून हसल्या आणि हळूहळू, एकेक पाय टेकत, खाली उतरल्या. मी पाया पडले. त्यांनी माझ्या तोंडावरून हात फिरवला, ओठ हलवले. आवाज आला नाही.

“घसा बसलाय तिचा,” तात्या म्हणाले. “आठ दिस झालं. हाळ्या मारून मारून.”

मी पिशवीत हात घातला. सहाच्या सहा चकत्या तिथं होत्या. चार तर पहिल्याच दिवशी नको झाल्या होत्या. तीन आठवडे मी रोज याच गावावरून एस.टी.नं जात-येत होते आणि एकदाही उतरले नव्हते. त्या चार चकत्या परत आणून बांधायला किती वेळ लागला असता? जगावर चिडणाऱ्या मला त्या दिवशी चिडायला माझ्याशिवाय कुणी सापडलं नाही.

“काकू, माझं चुकलं,” मी म्हणाले. “तुमच्यामुळं झालं सगळं.”

त्यांनी मान हलवली, म्हणजे असू दे. मग पिशवीतून डोकावणाऱ्या पत्राकडं बोट केलं. मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं, पगारासकट. त्यांनी डोळे पुसले आणि पेढा अर्धा मोडून माझ्याच तोंडात घातला.

तेवढ्यात चिमण्यांचा थवा कणसांवर उतरला. काकूंनी सवयीनं तोंड उघडलं. नुसती हवा बाहेर आली.

मी मचाणावर चढले आणि जीव खाऊन ओरडले. माझा आवाज मोठा आहे, त्यावरून आजवर बोलणीच खाल्ली होती. थवा उठला आणि ओढ्यापलीकडच्या बाभळींवर जाऊन बसला. काकू बांधावर टेकल्या, पाय पसरले. संध्याकाळच्या एस.टी.पर्यंत त्यांना मी उठू दिलं नाही.