पसाभर कोंड्याचं लेकरू

आर्वीच्या दवाखान्यातले डॉक्टर अच्युतराव यांना १९५६ सालच्या एका मंगळवारी, लग्न ठरायच्या आधीच, मुलगा झाला.

मूल खरं तर रोहणा गावच्या कोकिळेचं. तीन दिवसांचं, निळंजांभळं. अच्युतरावांनी छातीला नळी लावली आणि ओळखलं, हृदयातली झडप जन्मतःच आखडलेली. फुफ्फुसाकडे रक्त जायला सुईच्या नेढ्याएवढी वाट. विलायतेत म्हणे अशा झडपा कापून मोकळ्या करत. आर्वीत ऑक्सिजनचं एक नळकांडं होतं, तेही अर्धं.

कोकिळेची आधीची दोन अशीच गेली होती. म्हणून तिची सासू मनकर्णाबाई हिने डॉक्टरांपुढे रिकामं सूप धरलं. ज्या घरी मुलं जगत नाहीत, ते घर मूल दुसऱ्याला कोंड्यावर विकतं. परक्याचं म्हणून मरण त्याला हात लावत नाही. नर्स शकुबाईने कुठूनसा कोंडा आणला. औषधाचा तरी कुठे उपयोग होता? डॉक्टरांनी पसाभर सुपात टाकला आणि हसू आवरलं.

गुरुवारी नळकांडं संपत आलं. डॉक्टरांनी नेहमीचं वाक्य काढलं, "आजी, आता आमच्या हातात काही नाही. घरी घेऊन जा."

"कोणाच्या घरी?" म्हातारीने विचारलं. "लेकरू तुमचं हाये. आमाले काऊन इचारता? बापानं ठरवावं."

कोकिळेची चोळी पान्ह्याने भिजली होती, पण विकलेल्या मुलाबद्दल बोलायचं नसतं.

अडाणीपणालाही काही सीमा असते, असं शकुबाईला सुनावून डॉक्टर तडक बसने नागपूरला गेले आणि दुसरं नळकांडं घेऊन आले. पुढचे चार दिवस औषधाचे थेंब त्यांनी स्वतः पाजले. परक्याच्या पोराबद्दल सहज म्हणता येणारं वाक्य या पोराबद्दल म्हणायला जीभ रेटेना.

सोमवारी दुपारी मूल गेलं. डॉक्टरांना फार वाईट वाटलं, आणि वाटलं याचा रागही आला.

संध्याकाळी त्यांच्या खोलीच्या दारात मनकर्णाबाई उभी. फडक्यात भाकरी, वर पिठलं. मागे कोकिळा.

"हे काय?"

"कडू घास. पोरगं गेलं त्या घरी चूल नाई पेटवत. तुमाले इथं कोण आणून देईन?"

डॉक्टरांनी भाकरी मोडली आणि अर्धी कोकिळेच्या हातावर ठेवली.

"तूही खा, बाई. तुझ्याही घरचं गेलं."

तेव्हा कुठे ती रडली.