अर्ध्या दाढीचा दिवस

मी एक जुना वस्तरा आहे. दचकू नका मित्रांनो, या क्षणी मी मिटलेला आहे. तोंडाने मात्र मी पहिल्यापासून जरा धारदार आहे, तेव्हा एखादा शब्द लागला तर मनावर घेऊ नका.

माझा जन्म भट्टीत झाला. लालबुंद झालो, हातोड्याखाली चेपलो, तेलात बुडालो आणि मग दगडावर इतका घासला गेलो की लोकांना माझ्यात स्वतःचे नाक दिसू लागले. शिंगाची मूठ बसवून मला या दाढी-कटिंगच्या दुकानात आणले गेले. दुकान लहानसे आहे. दोन खुर्च्या, एक लांब आरसा, वाट बघणाऱ्यांसाठी बाकडे आणि भिंतीला टांगलेला चामडी पट्टा. त्या पट्ट्यावर दुकान उघडल्या उघडल्या माझी धार लागायची. काल लावली होती म्हणून आज चालेल, असे आमच्यात नसते.

माझे पहिले मालक म्हणजे आत्ताच्या मालकांचे वडील. त्यांना मधुमेह होता आणि तो त्यांनी कितीतरी वर्षे लपवला. शेवटी त्यांची नजर अधू झाली. गिऱ्हाइकांनी भांडण केले नाही की वाईटसाईट बोलले नाही. "आज घाई आहे", "उद्या येतो" असे म्हणत एकेक जण समोरच्या दुकानात जाऊन बसू लागला. एक दिवस त्यांनी मला पुसले, मुलाच्या हाती दिले आणि म्हणाले, "हात आहे तोवर दुकान आहे." मुलाने ते वाक्य उराशी धरले आणि पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला.

मुलाचा हात बापापेक्षाही हलका. अख्खी गल्ली त्यांना मखमल म्हणते. लग्न ठरलेली मुले, मुलाखतीला निघालेले बाप्ये, सगळे आमच्याकडे येत आणि गालावरून हात फिरवत खुशीत बाहेर पडत. निम्मे श्रेय माझे होते, पण मला कोण विचारतो! पुढे वापरा आणि फेकून द्या अशी पाती आली आणि मी खणात जाऊन पडलो. एका पोस्टमनकाकांनी तेवढी माझी आठवण ठेवली. ते नोकरीतून निवृत्त झाले होते, पण हट्टातून नाही. "माझ्या गालाला ते पाते लावायचे नाही," असे त्यांनी बजावले होते. त्यामुळे ते आले की मला उकळत्या पाण्यात आंघोळ मिळे आणि पट्ट्यावर दोन हात मारून मी कामाला लागे.

मध्यंतरी मालकांना सारखी तहान लागू लागली. एका गिऱ्हाइकाची कटिंग होईपर्यंत पाण्याची बाटली रिकामी, आणि मग मागच्या दाराने धाव. बाजारात रक्ततपासणीचे शिबिर चालू होते, तिथे त्यांनी रक्त दिले. दोन दिवसांनी डॉक्टरबाईंचा फोन आला. दुकान रिकामे होते. साबणाचे हात म्हणून मालकांनी फोन आरशापाशी मोठ्या आवाजात लावला.

"साखर बरीच वाढली आहे तुमची," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मधुमेह आहे. घाबरून जाऊ नका, पण हलक्यातही घेऊ नका. गोळी लिहून पाठवते, ती घेतली की जेवण चुकवायचं नाही. हात थरथरला, घाम फुटला, तर लगेच साखर खायची. आणि घरी सांगा."

"हो हो, सांगतो की," मालक म्हणाले.

सांगतात कसले! त्यांनी मनाशी वेगळाच डाव आखला. पुढच्या तपासणीत साखरेचा आकडा खाली आणायचा. आकडा खाली आला म्हणजे आजार गेला, आणि गेलेल्या आजाराची दवंडी कोण पिटतो? म्हणून गोळी तेवढी घ्यायची आणि जेवायचेच नाही. मालकीणबाई दोन दुकाने सोडून शिवणकाम करतात. त्या मायेने भरून देत तो डबा मागच्या दारातल्या कुत्र्याच्या पोटात जाऊ लागला. कुत्रे गुटगुटीत झाले आणि मालकांची गालफडे बसली. त्यांची बोटे माझ्या मुठीवर गार आणि ओलसर लागत. मित्रांनो, मला भीती वाटू लागली. आजवर माझ्यामुळे कुणाला ओरखडासुद्धा आला नव्हता, पण मला चालवणारा हातच माझ्या ओळखीचा राहिला नव्हता.

तपासणीच्या आदल्या दिवशी सुट्टी होती आणि बाकडे भरले होते. डबा तसाच खुंटीला लटकत होता. पोस्टमनकाका खुर्चीत रेलले, मालकांनी फेस लावला आणि मला उघडले. उजवा गाल व्यवस्थित झाला. मग काकांनी मान मागे टाकली, डोळे मिटले आणि गळा माझ्यासमोर आला.

तेवढ्यात ती थरथर सुरू झाली. आधी करंगळीत, मग मनगटात. मालकांच्या कपाळावरून घामाचा थेंब निसटला आणि काकांच्या गालावर पडला. माझी धार गळ्याच्या शिरेवर टेकलेली होती. शीर उडत होती, ती मला कळत होती. मागे बाकड्यावर कुणीतरी हसत होते, कुणाला कशाचा पत्ता नव्हता. मला थांबता येत नाही मित्रांनो, मागे सरकता येत नाही, ओरडताही येत नाही. मालकांनी ओठ चावला आणि हात घट्ट केला. घट्ट केलेला हात तर आणखीच हलला. पोस्टमनकाकांनी डोळे उघडले. आरशात त्यांना मालकांचा पांढराफटक चेहरा दिसला. गळ्यावर वस्तरा असताना बोलणार काय? ते श्वास धरून नुसते बघत राहिले.

त्या एका क्षणात दोघांचे आयुष्य माझ्या पात्यावर होते. आणखी एकदाच फिरवले असते तर गुपित राहिले असते, किंवा सगळेच गेले असते.

मालकांनी मला अलगद वर उचलले आणि मिटले.

"काका," ते म्हणाले. "मला मधुमेह झालाय. मी जेवलेलो नाही. हात... हात माझा राहिला नाही."

काका अर्ध्या फेसानिशी उठले आणि त्यांनी मालकांना धरून खुर्चीत बसवले.

"डॉक्टरबाईंनी सांगितलंय... साखर द्या," मालक पुटपुटले.

"साखरेच्या आजारावर साखर? वेड लागलं का?" बाकड्यावरचे एक गृहस्थ म्हणाले.

"डॉक्टरांपेक्षा तुम्हाला जास्त कळतं का? पळा आधी!" काका गरजले.

गृहस्थ चहावाल्याकडून कपभर पाण्यात साखर विरघळवून घेऊन आले. मालक ते पाणी प्यायले आणि हळूहळू त्यांच्या तोंडावर रंग परतला. तोवर बातमी ऐकून गळ्यात टेप लटकवलेल्या मालकीणबाई धावत आल्या. खुंटीवरचा जड डबा त्यांनी हातात घेऊन पाहिला.

"रोज रिकामा येत होता हा. कोण जेवत होतं?"

मालकांनी मागच्या दाराकडे पाहिले. दारात गुटगुटीत कुत्रे शेपूट हलवत उभे होते.

"मला का नाही सांगितलंत?" मालकीणबाईंनी विचारले.

"बाबांचं सगळं तूच केलंस. पुन्हा तुझ्या नशिबी तेच..."

"बाबांनीही लपवलं होतं, म्हणून ते करावं लागलं! वेळेवर बोलले असते तर डोळे राहिले असते त्यांचे." मालकीणबाईंनी डबा उघडून मालकांच्या मांडीवर ठेवला. "जेवा. सगळ्यांसमोर जेवा."

मालक जेवले. डोळ्यांतले पाणी पुसत जेवले. नंतर काकांना म्हणाले, "आज मी वस्तरा धरत नाही. समोरच्या दुकानात उरलेली करून घ्या."

काकांनी तोंडावरचा फेस पुसला आणि "उद्या येतो" म्हणून ते निघून गेले. मालकांनी खाली पाहिले. वडिलांची गिऱ्हाइकेही असेच म्हणत गेली होती. संध्याकाळी दोघे नवराबायको डॉक्टरबाईंकडे गेली. परत आल्यावर मालकांनी मला खणात ठेवले आणि खण लावून घेतला. मला वाटले, संपले आपले.

मित्रांनो, आजार लपवल्याने जात नाही. तुमच्या घरात कुणाला तो असेल, तर त्याच्यापासून दूर पळू नका आणि त्याच्यावर पहाराही ठेवू नका. त्याला जेवायला वेळ द्या आणि त्याचे ऐकून घ्या. एवढेच तुमच्याकडे मागतो. माझ्यासारख्या लोखंडाला हे कळायला एक सकाळ लागली, ती तेवढी सांगतो आणि मिटतो.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडते न उघडते तोच पोस्टमनकाका दारात हजर. एक गाल गुळगुळीत, दुसऱ्यावर पांढरे खुंट. तशा तोंडाने ते अख्ख्या बाजारातून आले होते, आणि लोक हसले तर हसू दिले होते. खुर्चीत बसून त्यांनी विचारले, "खाल्लंस का?"

"खाल्लं."

"गोळी?"

"घेतली."

काकांनी मान मागे टाकली, डोळे मिटले आणि म्हणाले, "मग चालव."