पान एकशे त्रेचाळीसवरची रेघ

मी एक कादंबरी बोलतेय. एकशे बासष्ट पानांची, तांबड्या कापडी पाठीची, आणि कुणाचं मुकाट्याने ऐकून न घेणारी.

मला लिहिणारी बाई चौथी शिकलेली. पुढचं सगळं ती आपली आपण शिकली आणि मलाही तिने तसंच घडवलं. मला बक्षीस मिळालं नाही, अभ्यासक्रमात कुणी लावलं नाही. तीनशे प्रती निघाल्या, त्यातल्या बऱ्याचशा वाळवीने वाचल्या. वाळवीचं मत चांगलंच असणार, शेवटच्या पानापर्यंत गेली ती.

माझ्या पोटात परीकथा आहे, पण पोराटोरांची नव्हे. एक शहर आहे आणि त्याच्याभोवती एक नदी गोल फिरते. त्या शहरात निळाई नावाची जादूगारीण राहते. तिने हात लावला की वस्तूंना वाचा फुटते. पळी गाणं म्हणते, कपाट शिंकतं, शेळी भविष्य सांगते आणि बहुतेक वेळा खोटं सांगते. राजाचा कायदा असा, की जादूवाल्यांनी बिनजादूवाल्यांवर जीव लावायचा नाही. लावला तर जादू जाईल. आणि हिचा जीव नेमका एका नावाड्यावर जडतो. त्याचं घर तिच्या घराच्या जरा वरच्या अंगाला. त्याला प्रवाहाबरोबर तिच्या दाराशी यायला घटका पुरते. तिला त्याच्याकडे जायचं तर साऱ्या शहराला वळसा.

मला दिल्लीत आणलं प्रेमलाबाईंनी, नागपूरहून, पापडाच्या डब्याखाली दाबून. त्यांचे यजमान काशीनाथ गजभिये सरकारी खात्यात नकाशे काढायचे. प्रेमलाबाई चाळिसाव्या पानापर्यंत आल्या, खुणेला बसचं तिकीट घातलं आणि आजारी पडल्या. पुढे काय झालं ते त्यांना कळलंच नाही. त्या गेल्यावर काशीनाथरावांनी मला भिशीच्या पिशवीत टाकलं.

ही भिशी पुस्तकांची. मयूर विहारमधली पाच मराठी घरं, एक खादीची पिशवी, तिच्यात सहा पुस्तकं. एकेका घरी एक महिना मुक्काम, मग पुढच्या घरी. क्रम ठरलेला, उलटं जायचं नाही. काशीनाथरावांच्या नंतर सुनेत्राबाई, मग लतिका, मग अविनाश, मग वैजयंती, आणि पुन्हा काशीनाथराव. आता तुम्ही म्हणाल, ही तुझ्यातलीच नदी झाली. झाली खरी. मला लिहिलं तेव्हा ही भिशी नव्हती, एवढं सांगते.

सुनेत्राबाई मूळच्या पुण्याच्या. नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली, मुलाच्या घरी राहायच्या. मुलगा विक्रांत, सून रसिका, दोघंही नोएडाला कंपनीत; नात शिवांगी. बाई बोट फिरवत वाचायच्या, ओळीखालून, सावकाश. चाळिसाव्या पानावर बोट तिकिटाला अडलं. मराठी मंडळाच्या गणपतीत त्यांनी काशीनाथरावांना गाठलं.

"हे तिकीट कुणाचं हो?"

"आमच्या हिचं. राहू द्या तिथंच. तिला पुढचं वाचायचंय."

तिथून सुरुवात झाली. आधी पार्कातल्या फेऱ्या, मग पिशवी द्यायला आले की चहा, मग चष्मा करायला मेट्रोने करोल बाग. तिथे विक्रांतच्या ऑफिसातल्या कुणीतरी पाहिलं. एका प्लेटमधून छोले-भटुरे खात होती म्हणे दोघं. खाऊ द्या की. एकाहत्तर आणि सहासष्ट, दोघांत मिळून एक भटुरा संपला असेल.

त्या दिवशी मी सुनेत्राबाईंच्या टीपॉयवर होते, म्हणून हे सगळं कानांनी ऐकलंय.

"आई, लोक मला ऑफिसात विचारतात. ह्या वयात?"

"कुठल्या वयात? मला भूक लागते अजून."

"चेष्टा नको ना, यार. आणि त्यात ते..."

"ते काय?"

"जाऊ दे."

"नाही, बोल. ते काय, विक्रांत?"

रसिकाने टीव्हीचा आवाज वाढवला.

वयाचं निमित्त पुढे केलं होतं, अडलं होतं जातीपाशी. काशीनाथरावांच्या हॉलमध्ये बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर, ते विक्रांतला रोज आरशात तोंड बघावं तसं दिसत होतं. पण तो शब्द घरात कुणी उच्चारला नाही, म्हणून मी उच्चारते. मला कुणाच्या नातेवाइकांत बसायचं नाही.

विक्रांतने आईला शिवांगीच्या डोक्यावर हात ठेवायला लावला. भेटणार नाही, बोलणार नाही, फोन करणार नाही. बाईंच्या फोनमधून नंबर पुसला आणि मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधूनही त्यांना काढलं. काशीनाथरावांना फोन करून "काका, प्लीज" एवढंच म्हणाला.

सुनेत्राबाई शब्द मोडणाऱ्यांतल्या नव्हत्या. काशीनाथराव गळ घालणाऱ्यांतले नव्हते. पुढच्या खेपेला ते पिशवी घेऊन आले, दाराच्या कडीला अडकवली, बेल वाजवली आणि निघून गेले. बाई दाराच्या आत उभ्या राहिल्या. लिफ्टचं दार लागल्याचा आवाज आल्यावर त्यांनी कडी काढली.

ते जानेवारीच्या अखेरीला. माझ्या अठ्ठ्याऐंशीव्या पानावर एक रेघ होती, नकाशेवाल्याची, फूटपट्टीने मारलेली, कडक पेन्सिलीची, केसासारखी बारीक. तिच्यावरचं वाक्य असं: 'होडी रिकामी आली. का, ते शेळीलाही सांगता येईना.'

बाईंनी शिवांगीच्या कंपासमधली पेन्सिल घेतली. पाच-सहा दिवस पानं उलटत होत्या. मग एक वाक्य सापडलं आणि त्यांनी हातानेच रेघ ओढली, वाकडी, दाबून: 'शब्द माणसांना दिला आहे. नदीला दिलेला नाही.'

खरंच आहे. रेघ मारणार नाही असं त्यांच्याकडून कुणी वदवून घेतलं नव्हतं.

त्यांची रेघ लतिकाकडून, अविनाशकडून, वैजयंतीकडून वळसा घालत जूनमध्ये काशीनाथरावांकडे पोचली. ती वाचून ते मोठ्याने हसले. एकट्याच्या घरात माणूस हसला की भांडीसुद्धा बघतात. मग त्यांनी फूटपट्टी काढली. पान एकशे अठरा, नावाडी म्हणतो: 'तू हो म्हण. बाकी नदीचं मी बघतो.'

खाली रेघ. पेन्सिल ठेवली आणि मुलाला, विनयला, नागपूरला फोन लावला. विनय वर्षभर मागे लागला होता, बाबा, हार्टचं दुखणं, एकटे राहू नका, इकडे या.

"येतो की नाही ते नोव्हेंबरात सांगतो."

"नोव्हेंबरात काय आहे?"

"एक पुस्तक यायचंय."

जुलैमध्ये सुनेत्राबाईंनी ते पान पाहिलं. महिनाभर त्यांनी दुसरं काही वाचलं नाही. एकदा रसिका म्हणाली, "आई, तेच पुस्तक परत?" तर म्हणाल्या, "अगं, मला समजत नाही पटकन." सगळं समजलं होतं. पिशवी द्यायच्या सकाळी त्यांनी पान एकशे त्रेचाळीस काढलं आणि निळाईच्या वाक्याखाली रेघ मारली: 'जादू गेली तरी चालेल. माझं दार उघडं आहे.'

इतकी दाबली, की पेन्सिलीचं टोक मोडलं. मला लागलं. मी म्हटलं, लागू दे.

ऑगस्टमध्ये लतिकाने वाचताना कुरकुर केली, कोण मेलं पुस्तकं गिरगटतं म्हणून. अविनाशने मला उघडलंच नाही. ऑक्टोबरात मी वैजयंतीकडे गेले.

वैजयंती भिशीची कारभारीण. मनाने चांगली, वाईट म्हणणार नाही. पण तिच्या घरी दिवाळीच्या आधी पंख्याची पातीसुद्धा साबणाने निघतात. लतिकाची तक्रार तिच्या कानावर होती. यंदा तिने ठरवलं, पिशवीतलं एकूणएक पुस्तक कोरं करायचं. वासाचं खोडरबर आणलं, बाल्कनीत बसली, आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली.

माझ्या गोष्टीत पळीला वाचा आहे, कपाटाला आहे, त्या लबाड शेळीलासुद्धा आहे. मलाच नाही. पान अठ्ठ्याऐंशी गेलं. पान एकशे अठरा गेलं. एकशे त्रेचाळीसशी आली तेव्हा मला एवढंच करता आलं, की पान जरा चुरगळून घेतलं. तिने ते तळहाताने सपाट केलं आणि पुसलं. कागदावरचा भुगा फुंकरीने उडवला, थोडा शिवणीत राहिला.

नोव्हेंबरात काशीनाथरावांनी पिशवी घेतली आणि उभ्याउभ्या मला उघडलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत. पुन्हा एकदा, खिडकीशी नेऊन. फक्त बाईंचं उत्तर नसतं तर त्यांनी वाट पाहिली असती. त्यांची स्वतःची रेघही नव्हती. जन्मभर नकाशे काढलेला माणूस. त्यांच्या खात्यात रबर फिरलं म्हणजे ते काम रद्द, त्यावर प्रश्न विचारायचा नाही. त्यांना वाटलं, बाईंनी सगळं पुसून दिलं. वैजयंतीचं नाव त्यांच्या मनातही आलं नाही. हे रबराचं खूळ तिने यंदाच काढलं होतं.

"विनय, तिकीट काढ."

"पुस्तक आलं का, बाबा?"

"आलं. संपलं."

जायच्या आदल्या दिवशी त्यांनी पिशवी सुनेत्राबाईंच्या कडीला अडकवली. या वेळी बेल वाजवली नाही. मी आत दारापाशी चपला सरकल्याचा आवाज ऐकला. बाई तिथेच होत्या बहुतेक. लिफ्ट खाली गेली.

ते कायमचे नागपूरला गेल्याचं बाईंच्या कानावर पार्कात आलं. बाईंनीही तीच पानं काढली आणि त्यांनाही तेच वाटलं. नीटनेटका माणूस, जाताना सगळं आवरून गेला. पोळ्या करायला उठल्या. एवढं मात्र सांगते, त्यानंतर महिनाभर त्यांनी मला एकदाही हातात घेतलं नाही.

जानेवारीत वैजयंतीकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. सुनेत्राबाईंना बोलावणं होतं, पण तिळगुळापुरतं; कुंकवाची वाटी त्यांच्यापाशी आली की अजूनही जरा अडखळते. तिथेच लतिकाला द्यायची म्हणून पिशवी बरोबर आणली होती. वैजयंतीने मला बाहेर काढलं आणि बायकांसमोर फडफडवलं.

"बघा, माझ्या घरून गेलेलं पुस्तक. एक रेघ दाखवा. दिवाळीत बसून रबराने लख्ख केली सगळी."

सुनेत्राबाईंच्या हातातला लाडू हातातच राहिला. "तू पुसलंस?"

"मग काय, लतिका ओरडत होती. गजभिये काकांना तरी किती आवडलं असेल कोरं पुस्तक. आता त्यांच्या जागी पाचवं घर बघायला हवं, बाई."

"त्यांचा नंबर दे मला. नागपूरचा. आत्ता दे."

वैजयंतीने मला खाली ठेवलं.

"सुनेत्रा, तुला माहीत नाही? एक तारखेला गेले ते. हार्टचंच झालं. विनयने ग्रुपवर टाकलं होतं."

"मी ग्रुपवर नाहीये," बाई म्हणाल्या. मला उचललं, पिशवीत न घालता, आणि चालत घरी आल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी उन्हं बाल्कनीत तिरपी आली होती. बाईंनी पान एकशे त्रेचाळीस काढलं आणि बोट फिरवायला सुरुवात केली. बोट थांबलं. तिथे खाच होती. रबराने शिसं नेलं होतं, दाब नेला नव्हता. शिवणीत वासाच्या रबराचा भुगा होता. त्या खाचेवरून बोट पुढेमागे नेत राहिल्या.

मग पान एकशे अठरा. तिथे काहीच लागेना. काशीनाथरावांचा हात हलका होता, त्यांचं काही उरलं नाही.

बाईंनी बॉलपेन आणलं. आपल्या खाचेवरून शाईची रेघ ओढली, तशीच वाकडी. मग आत जाऊन शिवांगीची फूटपट्टी घेऊन आल्या, एकशे अठरावर नीट बसवली, आणि त्यांच्या वाक्याखाली त्यांची रेघ मारली. सरळ, केसासारखी.

विक्रांत दारात उभा होता. "आई, भिशीच्या पुस्तकावर पेन?"

"हो," बाई म्हणाल्या. "तुला दिलेला शब्द मी पाळला आहे. आता तू मला काही सांगू नकोस."

त्याने फूटपट्टी उचलली आणि शिवांगीच्या दप्तरात नेऊन ठेवली.

आज मी लतिकाकडे आहे, तिकीट चाळिसाव्या पानावरच आहे. लवकरच फिरत फिरत तुमच्या घरी येईन, कारण पाचवं घर अजून मिळालेलं नाही. आले, तर मला ठेवून घ्या आणि वाचा, शेळीवर हसा. शेवट कसा आहे, ते मी सांगणार नाही. प्रेमलाबाईंना मिळाला नाही तो मी कुणाला फुकट देत नाही.

फक्त एक सांगते, आणि विनंती करायची मला सवय नाही. कुणाच्या पुस्तकात रेघ दिसली, तर तिच्यावरचं वाक्य आधी वाचा. रबर मागाहून शोधा.