चौथा मजला, निवांत

"माणूस वस्तू विकत घेत नाही," शैलीसाहेब म्हणाले, आणि एवढं बोलून त्यांनी डोळे मिटले. "माणूस स्वतःलाच विकत घेतो."

गोदामात खोक्यांवर, शिडीच्या पायऱ्यांवर, जागा मिळेल तिथे टेकलेली शंभर-सव्वाशे नोकरमाणसं एकमेकांकडे बघू लागली. दुकान उघडायला वीस मिनिटं होती. इतकं मोठं वाक्य इतक्या सकाळी त्यांच्यावर कधी कुणी टाकलं नव्हतं. मग माल परत घेण्याच्या खिडकीत बसणाऱ्या बाईंनी मागून हात वर केला.

"आणि आवडलं नाही म्हणून परत आणलं तर? पावती बघायची ना?"

शैलीसाहेबांनी एक डोळा उघडला. "प्रश्न शेवटी," ते म्हणाले.

मालकांनी त्यांना 'जीवनशैली-तज्ज्ञ' म्हणून आणलं होतं. सुरकुतलेले पण पैसे मोजून सुरकुतवलेले कपडे, पायांत आवाज न करणारे जोडे, आणि बोलण्याआधी श्वास घेण्याची सवय. दुकानाचा कारभार आजवर अगदी अडाणीपणाने चालला होता. पहिल्या मजल्यावर बूट, वर कापड, त्यावर भांडी, त्यावर चादरी-टॉवेल. पातेलं हवं असलेला माणूस भांड्यांकडे जाई, पातेलं घेई आणि घरी जाई. हे ऐकून शैलीसाहेबांना म्हणे भरून आलं होतं. गिऱ्हाइकाला काय हवंय हे विचारणं हा त्याचा अपमान आहे, असं त्यांचं मत. तो कोण आहे, हे आपण त्याला सांगायचं.

महिनाभरात मजल्यांची नावं बदलली. पहिला 'धडाडी', दुसरा 'घरटं', तिसरा 'भटकंती' आणि चौथा 'निवांत'. दारात दोन तरुण उभे केले. त्यांनी येणाऱ्याचे जोडे आणि चाल बघायची आणि त्याला योग्य त्या मजल्यावर धाडायचं. एक गृहस्थ बल्ब घ्यायला आले. बुटांना चिखल होता, म्हणून त्यांची रवानगी भटकंतीवर झाली. बल्ब धडाडीत होता, घरट्यातही होता, पण भटक्याला तारे पुरतात असं ठरल्यामुळे भटकंतीवर नव्हता. पाऊण तासाने गृहस्थ काखेत तंबू घेऊन बाहेर पडले. ते रात्री कशाच्या उजेडात जेवले, याची चौकशी कुणी केली नाही.

टॉवेलबाई हे सगळं बावीस वर्षांच्या उभ्या अनुभवाने बघत होत्या. उभ्या म्हणजे शब्दशः. चादरी-टॉवेलच्या काउंटरमागे बसायला कधी काही नव्हतंच. आता त्या निवांत मजल्यावर उभ्या होत्या आणि टॉवेल तेच विकत होत्या. एकाच गिरणीचा, एकाच गठ्ठ्यातला टॉवेल चार मजल्यांवर चार जन्म घेत होता. धडाडीत तो काळा कुळकुळीत, गच्च गुंडाळलेला. घरट्यात त्याच्या कोपऱ्यावर बदक. भटकंतीवर त्याला पिशवीत अडकवायची कडी. ती कडी अडकवून मंडळी लिफ्टने खाली उतरत, कारण जिना गुडघ्यांना सोसत नसे. निवांत मजल्यावर मात्र त्याला रंगच द्यायचा नाही, नुसती सुतळी बांधायची आणि वर चिठ्ठी : 'मी घाईत नाही.' जसजसं त्याच्यातलं काही काढून घ्यावं, तसतशी त्याची किंमत चढत होती. टॉवेलबाईंना वाटायचं, एक दिवस टॉवेलही काढून घेतील आणि नुसती सुतळी विकतील. मग तर रांग लागेल.

आणि या मजल्यावरच्या गिऱ्हाइकांइतकी उतावळी माणसं त्यांनी बावीस वर्षांत पाहिली नव्हती. मनःशांतीची घंटा दोन दिवस उशिरा आली म्हणून एका बाईने तीच घंटा काउंटरवर आपटून आपटून त्यांना बोलावून घेतलं होतं.

तरीही टॉवेलबाईंना या मजल्याचं प्रमुखपद हवं होतं. मान हवा होता म्हणून नव्हे, पगार वाढेल म्हणूनही नव्हे. मजला-प्रमुखाला खुर्ची होती. गादीची, पाठीला टेकू असलेली. टाचांच्या दुखण्याने त्यांना संध्याकाळी जिना चढताना कठड्याला लोंबकळावं लागे. नोकरीची अजून आठ वर्षं होती. ती बसून काढायची की उभ्याने, एवढाच प्रश्न होता.

शैलीसाहेबांनी त्यांना बोलावलं, श्वास घेतला आणि म्हणाले, "तुमच्यात मला एक थांबलेपण दिसतं."

"टाचा दुखतात सर."

"पण जे आपण जगत नाही ते आपल्याला विकता येत नाही. रविवारी दुपारी मी तुमच्या घरी येतो. तुम्ही किती कमीत राहता, ते बघतो. मग ठरवू."

टॉवेलबाई घरी आल्या आणि उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. आत शिरायचं तर आधी नेहमी कुठलीतरी वस्तू बाजूला करावी लागे. दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि त्यात नोकरांच्या सवलतीत घेतलेला बावीस वर्षांचा माल. कडेला दोरा निसटलेले टॉवेल, रंग चुकलेल्या चादरी, चार इस्त्र्या, त्यांतली एक चालणारी. खोकी फेकायची नाहीत, कारण खोकं चांगलं आहे. खोक्यात खोकी. आणि या सगळ्याच्या मध्यभागी, लांब सोफ्यावर पाय पसरून, टीव्हीसमोर सासूबाई.

"येऊ दे त्याला," त्या मालिकेवरची नजर न काढता म्हणाल्या. "मी काही हलणार नाही. सांगून ठेवते."

"आई, तुम्हाला कोण हलवतंय? सामान शेजारी ठेवायचं म्हणतेय मी, एक दिवस."

शेजारणीने दार अर्धंच उघडलं. "ठेवा की," ती म्हणाली, "पण ठेवणार कुठे?" आणि तिने उरलेलं अर्धं दार उघडून दाखवलं. तिचाही नवरा नोकरांना सवलत देणाऱ्या एका दुकानात कामाला होता.

तेव्हा टॉवेलबाईंचे यजमान उठले. त्याच दुकानात रस्त्याकडच्या काचांमागची सजावट त्यांच्याकडे होती, आणि दुकानात सगळे त्यांना शोकेसराव म्हणत. दोन हात खोल जागेत त्यांनी आजवर समुद्रकिनारे उभे केले होते, जंगलं उभी केली होती, एकदा चंद्रही.

"अगं, काही हलवायचं नाही," ते म्हणाले. "लोकांना समोर दिसतं तेवढंच असतं. मागे काय आहे ते विचारतो कोण?"

"अहो, पण तो घरात येणार आहे."

"येऊ दे. दारात आला की समोरच दिसणार ना? तू बघच."

शनिवारभर ते राबले. बाहेरच्या खोलीच्या मधोमध लाकडी चौकट उभी केली, तिच्यावर कापड ताणलं, पांढरा रंग दिला. या कापडी भिंतीपलीकडे सगळं घर कोंबलं : खोकी, इस्त्र्या, चादरींचे गठ्ठे, सोफा, सोफ्यावर सासूबाई, त्यांच्यासमोर टीव्ही. भिंतीअलीकडे एक चटई, एक बुटकं मेज, त्यावर एक वाडगा आणि एक वाळकी फांदी. वाडगा पुठ्ठ्याचा होता. मेजाला पुढचे दोनच पाय होते, मागून ते भिंतीला खिळलं होतं. मग शोकेसराव बाहेर जिन्यात जाऊन उभे राहिले, फुटपाथवरून काचेत बघावं तसा एक डोळा मिटला आणि म्हणाले, "ती फांदी दोन बोटं डावीकडे."

टॉवेलबाईंनी फांदी सरकवली आणि मागे वळून पाहिलं. खरंच सुंदर दिसत होतं. इतकं, की आपण इथे राहत नाही याचं त्यांना वाईट वाटलं.

"आई, आवाज बंद ठेवायचा हं टीव्हीचा. तासाभराचा प्रश्न आहे."

"ठेवते की," पडद्यामागून आवाज आला. "कोण काय बोलतंय ते मला तोंडावरून कळतं. तुमचंसुद्धा."

रविवारी दुपारी शैलीसाहेब आले. चार जिने चढल्यामुळे बोलण्याआधीचा श्वास या वेळी खरा होता. दारात ते थांबले. चटईकडे पाहिलं, फांदीकडे पाहिलं. त्यांचे डोळे ओलसर झाले.

"किती…" ते म्हणाले. "किती काही नाही इथे."

"सवय झाली आता," शोकेसराव विनयाने म्हणाले.

शैलीसाहेब चटईवर बसले. मांडी घालताना गुडघ्यांचा कडकड आवाज झाला. तो ऐकू न आल्यासारखं तिघांनी केलं. शैलीसाहेबांनी मेजाकडे हात नेला, तशा टॉवेलबाई मध्ये आल्या.

"सर, त्याला आम्ही स्पर्श करत नाही."

"समजलं," शैलीसाहेब हळूच म्हणाले आणि हात मागे घेतला. "आणि झोपता कुठे?"

"इथेच. चटईवर. आळीपाळीने," शोकेसराव म्हणाले. टॉवेलबाईंनी त्यांच्याकडे एकच नजर टाकली.

सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं. शैलीसाहेब कमीपणाच्या श्रीमंतीवर बोलत होते. आपल्या घरी एकच दिवा, एकच चटई, एकच पेला आहे, हे सांगत होते. टॉवेलबाईंच्या डोळ्यांसमोर खुर्ची तरळू लागली होती, तिची गादीसुद्धा स्पष्ट दिसत होती. एवढ्यात शैलीसाहेबांनी बसल्या जागी दोनदा चुळबुळ केली आणि विचारलं, "जरा… बाथरूम कुठे?"

खोलीत जी शांतता पसरली, ती निवांत मजल्यावरसुद्धा कधी नव्हती.

शोकेसरावांनी पांढऱ्या भिंतीकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्यांनी काचेमागे राजवाडे उभारले, घरं उभारली, लेकराबाळांसकट कुटुंबं उभी केली, पण काचेमागच्या माणसाला बाथरूम कधी लागलं नव्हतं. बाथरूम पांढऱ्या भिंतीपलीकडे होतं. भिंतीला दार नव्हतं. होती ती खाली कोपऱ्यात कापडाची एक झडप, सजावटवाल्याने मागून सरपटत शिरायची असते तशी.

"सर, आम्ही त्यातही कमी…" शोकेसराव चाचरले.

"मला आत्ता तितकं कमी जमणार नाही," शैलीसाहेब म्हणाले.

टॉवेलबाईंनी नवऱ्याला बाजूला केलं, वाकून झडप वर धरली आणि खुर्चीची आशा सोडून म्हणाल्या, "असे या सर. डोकं सांभाळून."

पैसे मोजून सुरकुतवलेले कपडे गुडघ्यांवर रांगत पलीकडे गेले. मग पडदाभर सावली हलली, काहीतरी कोसळलं, बहुधा इस्त्र्या.

"कोण? नळवाला का?" सासूबाईंचा आवाज आला. "डावीकडे. आणि साखळी हळू ओढ, तुटेल."

साखळी हळू ओढली गेली. पाणी वाहिलं, थांबलं. अलीकडे नवरा-बायको उभे होते. त्यांना बसायला चटई होती, पण बसवत नव्हतं.

"काय मेली बुद्धी तुमची!" टॉवेलबाई दबक्या आवाजात म्हणाल्या. "बाथरूम विसरलात?"

"अगं, शोकेसमध्ये कुठे असतं?"

"शोकेसमध्ये नोकरी करता की संसार?"

पाच मिनिटं झाली, दहा झाली. शैलीसाहेब परत येईनात. पलीकडून नुसता सासूबाईंचा आवाज येत होता. त्या मुक्या टीव्हीला स्वतःच बोलकं करत होत्या. "ही म्हणतेय, निघून जा माझ्या घरातून. तो म्हणतोय, घर माझ्या आईचंय." मधेच दुसरा आवाज, अगदी सावध : "आणि ती निळ्या कपड्यातली?" "ती त्याची पहिली बायको." "मग आधी दाखवली ती?" "तीही पहिलीच. हिची आठवण गेलीय, म्हणून हिला धरायचं नाही."

टॉवेलबाईंना राहवेना. त्या झडपेतून पलीकडे शिरल्या आणि गुडघ्यांवरच थांबल्या.

शैलीसाहेब लांब सोफ्याच्या टोकाला, सासूबाईंच्या पायांनी सोडलेल्या वीतभर जागेत बसले होते. जोडे काढलेले. पाठीशी चादरींचा गठ्ठा, मांडीवर रंग चुकलेली रजई, कोपराखाली एक खोकं. एवढ्यात सासूबाईंनी टीव्हीचा आवाजही चालू करून टाकला. त्यांना आता कुणाची भीती उरली नव्हती. शैलीसाहेबांच्या चेहऱ्यावर तो भाव होता, जो ते सुतळी बांधलेल्या टॉवेलसोबत विकत असत आणि जो आजवर एकाही गिऱ्हाइकाच्या तोंडावर टॉवेलबाईंनी पाहिला नव्हता.

"सर," त्या म्हणाल्या. "हे सगळं… आमचंच आहे. फसवलं आम्ही तुम्हाला. प्रमुखपदाचं आता—"

"हो, हो," शैलीसाहेब टीव्हीवरून नजर न हलवता म्हणाले. "तुमचंच आहे ते. सोमवारपासून बसा." मग त्यांनी रजई गळ्यापर्यंत ओढून घेतली आणि सासूबाईंकडे किंचित वळले.

"आजी, पाय जरा आत घेता का?"